दांडीची चिठ्ठी घरी येण्याआधी: कॅलिफोर्नियातली इंडिपेंडंट स्टडी आणि तिची हजेरी

फेब्रुवारीत सासऱ्यांची बायपास ठरली आणि आम्ही पुण्याला गेलो. शाळेचे बारा दिवस बुडणार होते. धाकटी प्रीस्कूलमध्ये, तिचा प्रश्न नव्हता. मोठा पाचवीत. शाळेला आधी सांगितलं, इंडिपेंडंट स्टडीच्या कागदांवर सह्या केल्या, अभ्यासाचं जाडजूड पाकीट बॅगेत टाकलं. सगळं रीतसर. आणि परत आल्यावर तिसऱ्या आठवड्यात घरी पत्र आलं: आपला पाल्य ‘ट्रूअंट’ आहे. सरळ मराठीत, दांडीबहाद्दर.

त्या पत्राचं पुढे काय झालं ते शेवटी सांगते. पण त्याच्या निमित्ताने मी हे नियम नीट वाचले, आणि लक्षात आलं की आपल्यातल्या बहुतेकांची गफलत एकाच जागी होते. आपल्याला वाटतं, इंडिपेंडंट स्टडी म्हणजे शाळेने दिलेली रजा. ती रजा नाही. ती शाळाच आहे, फक्त हजेरी बाकावर बसून लागत नाही, कागदावर लागते. वर्गात ‘हजर बाई’ म्हटलं की दिवस मिळतो. इथे त्या दिवसाचं काम दाखवावं लागतं. काम नाही तर दिवस नाही, मग मूल दिवसभर आजोबांच्या उशाशी शहाण्यासारखं बसलेलं का असेना.

दुसरा गैरसमज सतरा नंबरच्या फॉर्ममुळे होतो. बाहेरून दहावीला बसायचं, वर्षभर आपला अभ्यास आपण करायचा, मार्चमध्ये परीक्षा दिली की झालं, हे चित्र आपल्या डोक्यात पक्कं असतं. कॅलिफोर्नियातल्या इंडिपेंडंट स्टडीत शेवटच्या परीक्षेला तेवढं वजन नाही. रोजच्या रोज काय केलं, कधी दिलं, कोणत्या शिक्षकाने तपासलं, याचा हिशेब ठेवला जातो.

आधी एक गोष्ट सांगते. खाली लिहिलेले मोठे नियम राज्याच्या एज्युकेशन कोडमधले आहेत, ते सगळीकडे सारखे. पण अर्ज किती दिवस आधी द्यायचा, किती कामं चुकली की बोलावतात, हे प्रत्येक डिस्ट्रिक्टचं, म्हणजे एका भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेचं, बोर्ड आपापलं ठरवतं. म्हणून शेजारणीच्या अनुभवावर जाऊ नका, तिची मुलं दुसऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये असतील तर मुळीच नको.

पहिली पायरी: आपण नक्की कशात आहोत ते ओळखा

‘घरून शिकतो’ या दोन शब्दांत तीन वेगळ्या गोष्टी येतात आणि तिन्हींची हजेरी वेगळी.

एक, खरंखुरं होमस्कूलिंग. यात आई-बाप दर वर्षी १ ते १५ ऑक्टोबरच्या दरम्यान राज्याकडे खासगी शाळेचं प्रतिज्ञापत्र भरतात आणि कागदोपत्री स्वतःच शाळा होतात. हजेरीपट त्यांनीच ठेवायचा. हा लेख त्यांच्यासाठी नाही.

दोन, आपल्या नेहमीच्या सरकारी शाळेची किंवा डिस्ट्रिक्टची इंडिपेंडंट स्टडी. हिचे पुन्हा दोन प्रकार. भारतात जायचंय, ऑपरेशन झालंय, अशा कारणाने शाळेचे साधारण पंधरा दिवसांपर्यंत घेतात ती थोड्या मुदतीची. आणि वर्षभर किंवा सेमिस्टरभर घरूनच शिकायचं ती लांब मुदतीची. लांब मुदतीचे नियम बरेच कडक आहेत.

तीन, काही चार्टर शाळा, म्हणजे सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या शाळा, ज्यांना इमारत जवळपास नसतेच. महिन्यातून एकदोनदा शिक्षक भेटतात, बाकी सगळं घरी. याही इंडिपेंडंट स्टडीच्याच कायद्याखाली येतात. चार्टरचं कामकाज कधीकधी इतकं मैत्रीपूर्ण असतं की आपण सरकारी शाळेत आहोत हेच विसरायला होतं. विसरू नका. तिथेही करार आहे, तपासणी आहे, आणि हजेरी गेली की नावही जाऊ शकतं.

दुसरी पायरी: दोन वेगळे हिशेब समजून घ्या

आपल्याकडे पंच्याहत्तर टक्के हजेरी असली की बोर्डाच्या परीक्षेला बसता येतं, म्हणजे पंचवीस टक्के सूट आहे अशीच आपली वाढ झाली. इथे अशी सूट नाही. सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना शिक्षण सक्तीचं आहे आणि मोजणी पहिल्या दिवसापासून सुरू होते.

पहिला हिशेब ट्रूअन्सीचा, म्हणजे दांडीचा. एका शैक्षणिक वर्षात मान्य कारणाशिवाय पूर्ण तीन दिवस गैरहजर राहिलं, किंवा तीन वेळा अर्ध्या तासापेक्षा जास्त उशिरा आलं वा वर्गातून गायब झालं, किंवा दोन्ही मिळून तीन झाले, की मूल कायद्याने ट्रूअंट. फक्त तीन. मान्य कारणाशिवाय वर्षाचे दहा टक्के दिवस बुडाले तर त्याला क्रॉनिक ट्रूअंट म्हणतात.

दुसरा हिशेब क्रॉनिक ॲबसेन्सचा. यात कारण विचारतच नाहीत. ताप असो, लग्न असो, दांडी असो, एकूण दहा टक्के दिवस बुडाले की मूल या यादीत येतं. साधारण १८० दिवसांच्या वर्षात हे अठरा दिवस होतात. आता बेरीज करा: डिसेंबरच्या सुट्टीला जोडून शाळेचे पंधरा दिवस भारतात, आणि वर्षभरात सर्दीतापाचे तीन. झाले अठरा. हुशार, नव्वद टक्क्यांवर मार्क पडणाऱ्या मुलाचं नावही त्या यादीत जातं, आणि आई-बापांना धक्का बसतो. किंडरगार्टन सक्तीचं नसलं तरी एकदा नाव घातलं की या दुसऱ्या हिशेबात तेही धरतात.

इंडिपेंडंट स्टडीचा खरा फायदा इथे आहे. काम पूर्ण होऊन मान्य झालं तर ते दिवस गैरहजेरीचे राहतच नाहीत, हजेरीचे होतात. दोन्ही हिशेबांतून सुटका.

शाळा ही सोय एवढ्या आग्रहाने का देते, तेही सांगून टाकते. कॅलिफोर्नियात शाळांना राज्याचे पैसे नाव घातलेल्या मुलांवर मिळत नाहीत, रोजच्या सरासरी हजेरीवर मिळतात. मूल तापाने झोपलेलं असलं तरी त्या दिवसाचे पैसे शाळेला मिळत नाहीत. इंडिपेंडंट स्टडीत केलेल्या कामाचे मिळतात. त्यामुळे ऑफिसमधल्या बाई तुम्हाला ‘पंधरा दिवस जाताय तर हा फॉर्म भरा’ म्हणून मागे लागल्या तर तो जाच समजू नका. या एका बाबतीत त्यांचा आणि तुमचा फायदा एकच आहे.

तिसरी पायरी: इंडिपेंडंट स्टडी लागणारच आहे का?

दोनतीन दिवसांसाठी बऱ्याचदा लागत नाही. कायद्याने काही कारणं मान्य धरली आहेत: आजारपण (मनाचं आरोग्यही यात येतं), डॉक्टरकडे जाणं, कोर्टात हजर होणं, धार्मिक सण, स्वतःच्या नागरिकत्वाच्या समारंभाला जाणं. घरातल्या जवळच्या माणसाचा मृत्यू झाला तर प्रत्येक वेळी पाच दिवसांपर्यंत. आणि जवळच्यांमध्ये आजी-आजोबा येतात. बातमी पुण्याहून येते, तिकीट मिळायलाच दीड दिवस जातो, तिथे पाच दिवस काहीच नाहीत हे मान्य. उरलेल्या दिवसांसाठी इंडिपेंडंट स्टडी मागा, आणि विमानतळावरून एक ईमेल टाकली तरी चालेल, पण टाका.

यादीत एक कारण असं आहे जे आपल्यातल्या कित्येकांना ठाऊकच नसतं: सांस्कृतिक समारंभ. एखाद्या समाजाच्या चालीरीती आणि परंपरांशी जोडलेला कार्यक्रम, असा त्याचा अर्थ कायद्यातच दिला आहे. भावाची मुंज, मावशीचं लग्न यांसाठी एखाददोन दिवस हवे असतील तर कारणाच्या जागी ‘फॅमिली ट्रिप’ लिहू नका. जे आहे ते लिहा. फॅमिली ट्रिप, सहल, ‘तिकीट स्वस्त होतं’ ही कारणं यादीत नाहीत. याशिवाय शाळेच्या प्रशासकाला स्वतःच्या विवेकाने एखादं कारण मान्य करता येतं, म्हणून खरी अडचण असेल तर विचारायला लाजू नका.

मान्य कारणाने सुटलेला अभ्यास आणि परीक्षा मुलाला नंतर पूर्ण करू देणं शाळेवर बंधनकारक आहे. तरीही दुसऱ्या, दहा टक्क्यांच्या हिशेबात हे दिवस धरले जातातच, हे विसरू नका.

चौथी पायरी: करारावर सही करण्याआधी तो वाचा

हा करार मूल, पालक आणि जबाबदार शिक्षक अशा तिघांच्या सह्यांचा असतो. ऑनलाइन सही चालते. लांब मुदतीसाठी सह्या सुरुवातीच्या आधीच व्हाव्या लागतात. थोड्या मुदतीत कायदा जरा सैल आहे, पण शाळा आपल्या सोयीसाठी एकदोन आठवडे आधी अर्ज मागतात आणि ते रास्तच आहे, शिक्षकांना पंधरा दिवसांचा अभ्यास काढून द्यायचा असतो. तिकीट काढलं त्याच आठवड्यात ऑफिसला कळवा.

करारात कंटाळवाणा मजकूर भरपूर असतो. त्यातल्या चार ओळी मात्र पेनने अधोरेखित करा. काम कोणाकडे द्यायचं, कुठे आणि कोणत्या तारखेला. एखादं काम दिल्यापासून जास्तीत जास्त किती दिवसांत पूर्ण व्हायला हवं. किती कामं चुकली की मुलाने या पद्धतीत राहावं का याचा फेरविचार होईल. आणि कराराची मुदत कधी संपते. शेवटची ओळ आपल्यासाठी फार महत्त्वाची. सासूबाईंनी आग्रह केला, विमान पुढच्या आठवड्याचं केलं, आणि करार मात्र आधीच्या शुक्रवारी संपला. मग तो वाढीव आठवडा सरळ विनाकारण गैरहजेरीत जातो. मुक्काम वाढला तर त्याच दिवशी ऑफिसला लिहा.

करारात असंही लिहिलेलं असतं की ही पद्धत ऐच्छिक आहे. म्हणजे शाळा ती तुमच्यावर लादू शकत नाही, आणि तुम्हाला वर्गात परत यायचं असेल तर अडवूही शकत नाही. लांब मुदतीच्या कार्यक्रमातून वर्गात परत येऊ इच्छिणाऱ्या मुलाला शाळेच्या पाच दिवसांच्या आत परत घ्यायची व्यवस्था शाळेकडे असायला हवी.

आयईपी, म्हणजे विशेष गरजा असलेल्या मुलासाठी शाळेने केलेला वैयक्तिक शिक्षण आराखडा, असलेल्या मुलाच्या पालकांनी इथे थांबायचं. अशा मुलाला इंडिपेंडंट स्टडी द्यायची तर तसं आयईपीमध्ये यावं लागतं, म्हणजे आधी टीमची बैठक. तिकीट काढण्यापूर्वी केस मॅनेजरशी बोला.

आणखी एक, जे विचारायला लोक कचरतात: सहा महिने पुण्यात राहून इथल्या लांब मुदतीच्या कार्यक्रमात नाव चालू ठेवता येईल का? ही पद्धत शाळेच्या काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) किंवा लगतच्या काउंटीत राहणाऱ्या मुलांसाठी आहे. फिरायला जाणं वेगळं आणि मुक्काम हलवणं वेगळं. घर सोडून जात असाल तर शाळेतून नाव रीतसर काढा, तिकडच्या शाळेत घाला, परत आल्यावर पुन्हा घाला. गर्दीच्या शाळांत परत तीच शाळा मिळेल की नाही, हे जाण्याआधी लेखी विचारून घ्या.

पाचवी पायरी: हजेरी लागते कशी

सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे, म्हणून सावकाश सांगते.

इंडिपेंडंट स्टडीत पात्रताधारक शिक्षक मुलाने केलेलं काम बघतात आणि ठरवतात की या कामाला शाळेचे किती तास-दिवस लागले असते. याला ‘टाइम व्हॅल्यू’ म्हणतात. मुलाने घड्याळ लावून किती वेळ घालवला याच्याशी त्याचा संबंध नाही. तुमच्या लेकाने पंधरा दिवसांचं गणित विमानात चार तासांत उडवलं तरी ते पंधरा दिवसांचं गणितच धरलं जाऊ शकतं. उलट दुसऱ्याने पाच दिवस एका निबंधावर रडून काढले आणि निबंध अर्धाच राहिला, तर अर्ध्याच निबंधाचे दिवस मिळतात. रडण्याचे नाहीत.

थोड्या मुदतीत हा हिशेब सहसा टक्केवारीने होतो. दहा दिवसांचं काम दिलं, सत्तर टक्के पूर्ण होऊन मान्य झालं, तर सात दिवस हजर, तीन दिवस गैरहजर. आणि ते तीन दिवस साधारणपणे विनाकारण गैरहजेरीत जातात, कारण त्यासाठी मान्य कारणच नाही, होता तो करार. वरचा पहिला हिशेब आठवा: तीन दिवस म्हणजे ट्रूअंट. पाकिटातली तीस टक्के पानं कोरी राहणं आणि घरी ते पत्र येणं, यात एवढंच अंतर आहे.

म्हणून घरचा रिवाज असा ठेवा. प्रत्येक कागदावर मुलाचं नाव आणि ज्या दिवशी केलं ती तारीख. वाचनाची नोंद रोजच्या रोज, शेवटच्या रात्री एकदम पंधरा सह्या नाहीत. शिक्षकांना ती एकाच पेनाची शाई लगेच कळते. प्रत्येक पानाचा फोनवर फोटो. बॅग हरवते, धाकटी भावंडं रंगवून ठेवतात, आणि मुंबईच्या पावसात भिजलेलं पाकीट घेऊन परत आलेले एक काका मला ठाऊक आहेत.

शाळा या कागदांवर इतकी का अडून बसते? कारण ऑडिटर येतो. सही नसली, तारीख चुकली, कामाचा नमुना फाइलमध्ये नसला, तर त्या मुलाच्या हजेरीचे पैसे शाळेला परत करावे लागू शकतात. शिवाय २०१९ मध्ये सॅन दिएगो काउंटीत ए-थ्री नावाच्या चार्टर साखळीतल्या अकरा जणांवर आरोप ठेवले गेले. उन्हाळी खेळांच्या शिबिरांतल्या मुलांची नावं घरच्यांना पुरतं न कळता शाळेत दाखवून सरकारकडून पैसे उकळले, असं ते प्रकरण. २०२१ मध्ये त्याच्या दोन प्रमुखांनी गुन्हा कबूल केला. त्यानंतर एखाद्या वाचनाच्या नोंदीवरही चार वेळा तारीख का विचारतात, याचं मला नवल वाटेनासं झालं.

शनिवार-रविवारी काम केलं तर चालतं का? करायला हरकत नाही, पण दिवस मोजले जातात ते शाळेचेच. रविवारी जास्तीचं काम करून आठवड्यात सहा दिवसांची हजेरी मिळत नाही.

सहावी पायरी: लांब मुदतीचे जास्तीचे नियम

वर्षभराच्या कार्यक्रमात असाल तर आणखी वेगळं खातं उघडतं. २०२१ मध्ये, कोविडनंतर, राज्याने एबी १३० हा कायदा करून यात बरीच भर घातली. घरून शिकणारी मुलं महिनोन् महिने कोणाला दिसतच नव्हती, ते थांबवणं हा त्याचा हेतू.

शिक्षकांशी प्रत्यक्ष किंवा स्क्रीनवर जिवंत भेट सक्तीची झाली. ट्रान्झिशनल किंडरगार्टन (किंडरगार्टनच्या आधीचं वर्ष) ते तिसरीपर्यंत रोज शिक्षकांसोबत थेट शिकवणी. चौथी ते आठवी रोज शाळेच्या माणसांशी काहीतरी थेट बोलणं आणि आठवड्यातून निदान एकदा थेट शिकवणी. नववी ते बारावी आठवड्यातून निदान एकदा थेट शिकवणी. या भेटींची हजेरी वेगळी घेतात, आणि ज्या दिवशी मुलाने काहीच केलं नाही त्या दिवसापुढे ‘सहभाग नाही’ अशी नोंद होते. अशा कार्यक्रमात असताना पुण्याला जात असाल तर आणखी एक अडचण: हिवाळ्यात सकाळी नऊचा वर्ग तिकडे रात्री साडेदहाला येतो. पहिलीतलं मूल तोवर जागं राहत नाही. आधीच शिक्षकांशी बोलून तोडगा काढा.

चार सलग आठवड्यांत अपेक्षित शिक्षणवेळेपैकी दहा टक्क्यांहून जास्त वेळेची हजेरी बुडाली, किंवा महिन्यातल्या थेट वर्गांपैकी निम्म्याहून जास्त चुकले, किंवा करार मोडला, तर शाळेला काही गोष्टी कराव्याच लागतात. चार आठवड्यांत वीस दिवस धरले तर दहा टक्के म्हणजे दोन. दोन दिवसांहून जास्त काम बुडालं की घंटा वाजते. फोन-पत्ता बरोबर आहे का ते तपासतात, गैरहजेरीची नोंद झाल्यापासून एका दिवसात तुम्हाला कळवतात, घरी काही अडचण असेल तर आरोग्य किंवा सामाजिक सेवांशी गाठ घालून देतात, आणि गरज पडली तर मूल, पालक, शिक्षक असे तिघे बसतात. या सगळ्याला टियर्ड री-एंगेजमेंट असं भारदस्त नाव आहे. व्यवहारात ते एका काळजीवाहू बाईंच्या फोनने सुरू होतं. तो फोन उचला. अनोळखी नंबर म्हणून कापत राहिलात तर शाळेच्या फाइलमध्ये ‘पालक प्रतिसाद देत नाहीत’ अशी ओळ जमा होते, आणि नंतर तीच ओळ जड जाते.

करारातल्या आकड्याइतकी कामं चुकली तर फेरविचार होतो. शाळा लेखी निष्कर्ष काढते की या मुलाचं हित या पद्धतीत आहे की वर्गात. हा कागद तीन वर्षं ठेवतात, आणि कॅलिफोर्नियातल्या दुसऱ्या सरकारी शाळेत गेलात तर तिथेही पाठवतात. म्हणून या बैठकीला जाणं टाळू नका. आजारपणाची कागदं, बुडालेली कामं नंतर पूर्ण केल्याचा पुरावा, सगळं सोबत न्या. बहुतेक शिक्षक मुलाला काढून टाकायला नाही, ठेवायला कारण शोधत असतात.

सातवी पायरी: पत्र आलं तर

पहिलं ट्रूअन्सीचं पत्र छापील असतं. भाषा कडक असते, त्यात पालकाची कायदेशीर जबाबदारी वगैरे लिहिलेलं असतं, कारण कायद्यानेच ते लिहायला सांगितलंय. याला घाबरून व्हॉट्सॲपवर ‘आता व्हिसावर परिणाम होईल का’ असं विचारू नका. हे गुन्ह्याचं समन्स नाही. पण ड्रॉवरमध्येही टाकू नका.

पत्रात तारखा असतात. त्या तुमच्या फोटोंशी आणि करारातल्या तारखांशी ताडून बघा. चूक दिसली तर ऑफिसला ईमेल करा, फोन नको. कोणत्या तारखेचं कोणतं काम कोणाकडे दिलं ते लिहा, फोटो जोडा. चूक नसली तरी उत्तर द्या: काय झालं, पुढे काय करणार.

एकाच वर्षात असं तीनदा झालं आणि शाळेने भेटीचा प्रामाणिक प्रयत्न केलेला असला तर मुलाला हॅबिच्युअल ट्रूअंट ठरवतात, आणि प्रकरण सार्ब नावाच्या मंडळाकडे जाऊ शकतं, म्हणजे स्कूल अटेंडन्स रिव्ह्यू बोर्डाकडे. १९७४ पासूनची ही व्यवस्था आहे. मुलांना थेट बाल न्यायालयाकडे ढकलण्याऐवजी आधी गावातल्याच लोकांनी बसून मार्ग काढावा, अशी कल्पना. शाळा, समाजसेवा, प्रोबेशन, पोलीस, कधी पालकही त्यात असतात. ते लेखी अटी घालतात. त्या पाळल्या नाहीत तर मात्र पालकांना दंड होऊ शकतो: पहिल्यांदा १०० डॉलरपर्यंत, दुसऱ्यांदा २५०, त्यानंतर ५०० पर्यंत. बैठकीला दुभाषा हवा असेल तर आधी मागा. आपलं इंग्रजी ऑफिसात चालतं म्हणून इथेही चालेलच असं नाही. आजी मुलाला सांभाळत असेल तर तिलाही तिच्या भाषेत बोलू द्या, घरात खरं काय चाललंय ते तिलाच जास्त ठाऊक असतं.

आता माझं पत्र. बारा दिवसांपैकी नऊ मान्य झाले होते, तीन नाही. मी फोटो काढून बसले. मुलगा परत आल्याच्या सकाळी पाकीट ऑफिसात देऊन गेला होता, पण विज्ञानाची वही आणि वाचनाची नोंद त्याने वर्गातल्या बाईंच्या टेबलावर ठेवली, कारण एरवी ती तिथेच ठेवतात. करारात स्पष्ट लिहिलं होतं की सगळं एकत्र इंडिपेंडंट स्टडीच्या शिक्षकांकडे द्यायचं. ती ओळ मी वाचलीच नव्हती. काम वेळेत शाळेत पोचलं होतं, फक्त चुकीच्या हातात. ईमेल केली, बाईंनी वही शोधून पुढे पाठवली, आणि दोन दिवस दुरुस्त होऊन ट्रूअन्सीची नोंद निघाली.

तिसरा दिवस तसाच राहिला. मी त्याही दिवसाची पानं फोनवर शोधली. तो ऑपरेशनचा दिवस होता. आम्ही सगळे दवाखान्यात होतो, आणि अपूर्णांकांचं ते पान त्याने खरंच केलं नव्हतं.